एसएसडीला डिफ्रॅग नको हे मान्य, प्रीफेचचं मात्र पटलं नाही

नमस्कार. ‘दर महिन्याला डिस्क डिफ्रॅग करा’, म्हणजे फाइल्सचे विखुरलेले तुकडे एकत्र जुळवा, या माझ्या लेखातल्या सल्ल्यावर प्रतिक्रियेत तुम्ही चांगलीच झोड उठवलीत: सल्ला जुनाट आहे, त्याने लोकांच्या एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्क) खराब होतील, त्यापेक्षा दर आठवड्याला प्रीफेच फोल्डर रिकामं करून रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारा क्लीनर चालवावा.

चूक माझीच. आधी डिस्क कुठली आहे ते बघा, हे लेखात पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची तबकडी एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद घेते. फाइलचे तुकडे दहा ठिकाणी विखुरले असतील, तर वाचणाऱ्या हेडने दहादा जागा बदलायची आणि दरवेळी तबकडीवरचा तो भाग फिरून समोर येईपर्यंत थांबायचं. एसएसडीत ना हेड, ना तबकडी. तिथे तुकडे जुळवून हाती फारसं काही लागत नाही, उलट लिहिण्याचं आयुष्य थोडं खर्ची पडतं.

‘खराब होतील’ हे मात्र जरा ताणलंत. स्टार्ट मेनूत ‘डिफ्रॅग’ टाइप करून येणारी खिडकी उघडा. ‘मीडिया टाइप’च्या रकान्यात ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ दिसत असेल, तर ‘ऑप्टिमाइझ’ दाबल्यावर विंडोज ट्रिम पाठवतं, म्हणजे पुसलेल्या फाइल्सची जागा आता मोकळी आहे एवढं डिस्कला कळवतं. विंडोज ८ पासून हे असंच आहे, आणि बंद करून ठेवलं नसेल तर आठवड्यातून एकदा आपोआप होतं. बाहेरचं डिफ्रॅग सॉफ्टवेअर एसएसडीवर रोज चालवणाऱ्याला मीही थांबवेन.

आता तुमचा उपाय. कुठला प्रोग्राम उघडताना कोणत्या फाइल्स लागतात, याची टिपणं प्रीफेचमध्ये असतात. ती उडवली की पुढच्या वेळी तोच प्रोग्राम रखडत उघडतो आणि विंडोज टिपणं नव्याने करायला बसतं. जुनी टिपणं ते स्वतःच काढून टाकतं. रजिस्ट्रीतल्या शे-दोनशे निरुपयोगी नोंदी काढून वेग वाढलेला मी तरी पाहिला नाही. चुकीची नोंद उडाल्यामुळे सुरूच न होणारे प्रोग्राम मात्र पाहिलेत.

आणि एक गोष्ट आपल्या दोघांकडूनही सुटली. माझा जुना लॅपटॉप एकाएकी मंदावला तेव्हा मीही डिफ्रॅगच लावलं होतं. टक्का चौदावर अडकला, आतून टक्-टक् आवाज येऊ लागला. तेव्हा कुठे डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं: पिवळं ‘कॉशन’ (सावधान), आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’च्या, म्हणजे डिस्कवरच्या वाचता न येणाऱ्या जागांच्या, ओळीत शून्याऐवजी भलताच आकडा. डिस्क अखेरच्या घटका मोजत होती आणि मी तिला रात्रभर राबवत होतो. फोटो वाचले, कारण त्यांची प्रत दुसरीकडे होती. हिशेबाच्या फाइल्स गेल्या.

तेव्हा लेखात आता क्रम बदलतोय: आधी बॅकअप, मग डिस्कची तब्येत, मग प्रकार, आणि शेवटी साफसफाई. तुमचाही संगणक मंद झालाय असं प्रतिक्रियेत ओझरतं म्हटलंय तुम्ही. ती ‘पेंडिंग’ची ओळ बघून आकडा इथे कळवा. शून्य नसेल, तर आधी फाइल्स दुसरीकडे कॉपी करून घ्या. भांडण नंतर पुढे चालू ठेवू.