टूथपेस्टने चष्म्याचा ओरखडा जात नाही, कोटिंग जाते

कोथरूडच्या आत्याने तीन महिन्यांपूर्वीच घेतलेला चष्मा गेल्या आठवड्यात माझ्या हातात ठेवला, तेव्हा दोन्ही काचांच्या मध्यावर दुधाळ डाग पडला होता. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरणाऱ्या एका संदेशाचा हा प्रताप. त्यात म्हटले आहे: चष्म्यावरचे अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग, म्हणजे प्रकाश परत फिरू न देणारा थर, ही निव्वळ लूट आहे. कोटिंगची ‘९ एच’ ही प्रत म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण, त्यामुळे अस्सल कोटिंगवर नाण्याने ओरखडा उठत नाही. उठलाच तर तो टूथपेस्टने निघतो. आणि चष्मा उन्हातल्या गाडीत ठेवू नये.

आधी टूथपेस्टचे पाहू, कारण आत्याच्या चष्म्याचे नुकसान टूथपेस्टनेच केले. तिच्यात दात घासण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेटची किंवा सिलिकाची भुकटी असते आणि त्या भुकटीचे कण काही मायक्रोमीटरचे (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. याउलट सिलिका, टायटॅनिया, झिर्कोनिया अशा ऑक्साइडांचे एकावर एक चढवलेले कोटिंगचे सगळे थर मिळून साधारण अर्ध्या मायक्रोमीटरच्याही आतच असतात. ओरखडा हा खड्डा आहे. तो घालवायचा तर भोवतालचा पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत झिजवावा लागेल, आणि तिथवर पोचण्याच्या कितीतरी आधी कोटिंग संपलेले असेल. आत्याचा चष्मा ट्यूबलाइटखाली तिरका धरला, तर कडेला प्रतिबिंब मंद हिरवे दिसत होते आणि मध्यावर पांढरे फटक, म्हणजे तिथले कोटिंग गेलेले.

‘९ एच’ ही प्रतवारी पेन्सिलींची आहे. ठरलेल्या चाचणीत पेन्सिल ४५ अंशांत धरून ७५० ग्रॅम भाराने पृष्ठभागावर ढकलतात. शिसे म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती, त्यात हिऱ्याचा संबंध कुठे येतो? खनिजांचा कठीणपणा सांगणाऱ्या मोह्स मापनश्रेणीतला ९ हा अंक कुरुंद या खनिजाचा, त्याची इथे बेमालूम सरमिसळ केलेली आहे.

नाण्याची परीक्षा तर गादीवर पापड ठेवून तो अंगठ्याने दाबण्यासारखी आहे: मोडतो पापड, पण कारण असते खालच्या गादीचे दबणे; इथे गादी म्हणजे कोटिंगखालचे मऊ प्लास्टिक. कोटिंगचा स्वतःचा कठीणपणा मोजण्यासाठी हिऱ्याचे सूक्ष्म टोक वापरतात आणि ते जाडीच्या दहाव्या हिश्शापलीकडे रुतू देत नाहीत; ३०० नॅनोमीटरच्या (०.३ मायक्रोमीटरच्या) थरात म्हणजे अवघे ३० नॅनोमीटर. प्रकाशीय कोटिंगांच्या चाचण्या आयएसओ ९२११ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चौथ्या भागात दिल्या आहेत. विरळ विणीच्या सुती कापडाने ५ न्यूटन बलाने ५० वेळा घासणे, अधिक कडक पातळीसाठी खरखरीत खोडरबर, आणि थर नीट चिकटला आहे का हे पाहण्यासाठी चिकटपट्टी लावून ओढणे. नाणे त्यात कुठेही नाही.

लुटीबद्दल इतकेच, की कोटिंग नसलेल्या साध्या प्लास्टिकच्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो आणि चांगल्या कोटिंगने तो बराच घटतो; दुकानदार त्याचे किती पैसे लावतो, ही तक्रार निराळी आणि अगदीच अनाठायी नाही.

गाडीचे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. तापल्यावर काचेचे प्लास्टिक सिलिकाच्या शंभरपटींहून अधिक प्रसरण पावते, वरचा ठिसूळ थर ताणला जातो आणि त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. एप्रिलच्या दुपारी डेक्कनवर लावलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हे सहज घडू शकते. संपूर्ण संदेशातले हे एकच वाक्य कामाचे आहे, आणि आत्याकडे गाडी नाही.