राउटरच्या छिद्रात टाचणी घालू नका: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही दिवसांत एक संदेश मला चार वेगवेगळ्या गटांतून आला आणि चारही वेळा मी तो वाचून सोडून दिला. पाचव्यांदा तो माझ्या मावशीकडे पोहोचला. तिने त्यातल्या सूचना एकेक करून पाळायला सुरुवात केली, त्यामुळे आता गप्प बसणे मला शक्य नाही. "वाय-फाय कनेक्टेड दाखवते पण नेट चालत नाही? कंपनीला फोन करू नका, हे सहा उपाय करा" असा त्याचा मथळा आहे. सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या असूनही नेट येत नसेल तर फोनची वाय-फाय चिप खराब होत आली आहे, असे निदान त्यात सुरुवातीलाच केले आहे. पुढचे सहा उपाय असे: राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून ३० सेकंद दाबून धरा, वाय-फायचा पासवर्ड काढून टाका, कारण त्यामुळे नेट अडते, डीएनएस ८.८.८.८ करा, वेग दुप्पट होईल. फोनची तारीख आणि वेळ तपासा. नेट वाढवणारे अ‍ॅप टाका. आणि एवढ्याने भागले नाही तर फोन फॅक्टरी रीसेट करा.

मावशीच्या घरी त्या दिवशी नेमके काय घडत होते ते आधी सांगते, कारण संदेशातली मोठी चूक तिथेच दिसते. तिच्या फोनवर वाय-फायच्या नावाखाली "इंटरनेट नाही" असे येत होते, पण त्याच वेळी शेजारच्या खोलीत काका लॅपटॉपवर काम करत होते आणि टीव्हीही त्याच वाय-फायवर व्यवस्थित चालू होता. म्हणजे राउटर ठीक होता, बाहेरून येणारी लाइन ठीक होती आणि बिघाड केवळ एका फोनपुरता होता. घरातल्या दुसऱ्या एखाद्या उपकरणावर नेट चालते आहे का, हा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्या संदेशात कुठेच नाही. मावशीने शिवणाच्या डब्यातली टाचणी काढली, राउटर पालथा केला आणि घड्याळाकडे पाहत ३० सेकंद ते छिद्र दाबून धरले. राउटरचे सगळे दिवे एकदम विझले, थोड्या वेळाने पुन्हा लागले आणि त्यानंतर लॅपटॉप, टीव्ही, काकांचा फोन असे सगळेच बंद पडले. "अगं, त्यात लिहिलंय तसंच केलं मी, आता कुणाचंच नेट चालेना," असा तिचा रडवेला फोन मला आला.

त्या छिद्राच्या आत एक छोटे बटण असते आणि ते चुकूनही दाबले जाऊ नये म्हणूनच आत दडवलेले असते. ते काही सेकंद दाबून धरले की राउटर कारखान्यातून निघाला तेव्हाच्या स्थितीत परत जातो. तुम्ही ठेवलेले वाय-फायचे नाव आणि पासवर्ड पुसले जातात, राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्यासाठी ठेवलेला पासवर्ड मूळ पासवर्डवर परत येतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे अनेक जोडण्यांमध्ये कंपनीने राउटरमध्ये भरून दिलेले युजरनेम व पासवर्डही निघून जातात. हे युजरनेम म्हणजे राउटरने कंपनीच्या यंत्रणेला द्यायची ओळख असते. ती नसेल तर तार धडधाकट असली, दिवे लागलेले असले तरी कंपनीकडून नेट मिळत नाही. काही कंपन्यांची उपकरणे रीसेटनंतर ही सगळी माहिती आपोआप पुन्हा उतरवून घेतात, हे खरे आहे. परंतु आपले उपकरण त्यांपैकी आहे की नाही, हे टाचणी हातात घेण्यापूर्वी ठाऊक असायला हवे, आणि हजारो अनोळखी लोकांना सरसकट ती सूचना देणाऱ्याला ते ठाऊक असणे शक्यच नाही. मावशीचे उपकरण त्यांपैकी नव्हते. कंपनीचा माणूस तिसऱ्या दिवशी आला, त्याने युजरनेम पुन्हा भरले आणि घरात कुणाला काही बदलावे लागू नये म्हणून वाय-फायचे जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवला. लॅपटॉप चालू झाला, टीव्ही चालू झाला. मावशीच्या फोनवर मात्र पुन्हा तेच: वाय-फाय जोडलेले, इंटरनेट नाही. दोन दिवस सगळे घर नेटविना राहिले आणि मूळ बिघाड होता तिथेच राहिला.

या उपायात एक अर्धसत्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. राउटर रीस्टार्ट केल्याने, म्हणजे मागचे बटण बंद करून किंवा प्लग काढून अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा सुरू केल्याने, बऱ्याचदा खरोखरच नेट परत येते, कारण कंपनीशी तुटलेली जोडणी राउटर नव्याने करतो आणि त्याच्या स्मृतीत अडकून पडलेल्या नोंदी मोकळ्या होतात. रीस्टार्टमध्ये काहीही पुसले जात नाही. रीसेटमध्ये सगळे पुसले जाते. संदेश लिहिणाऱ्याने कुठेतरी "राउटर रीस्टार्ट करा" असे ऐकले असावे आणि "रीसेट करा" असे लिहून टाकले असावे. एका शब्दाचा फरक असला तरी त्याने लोकांच्या घरचे नेट कित्येक दिवस बंद पडते.

आता चिपच्या निदानाविषयी. सिग्नलच्या दांड्या म्हणजे तुमचा फोन आणि तुमचा राउटर यांच्यातला रेडिओ संपर्क. त्यापलीकडे राउटरला नेट मिळते आहे की नाही, याच्याशी त्या दांड्यांचा संबंध नसतो. उलट सगळ्या दांड्या भरलेल्या असणे हा फोनची वाय-फाय चिप शाबूत असल्याचाच पुरावा आहे. मग "इंटरनेट नाही" असे फोन कशावरून ठरवतो? अँड्रॉइडच्या या भागाचा मूळ प्रोग्राम (कोड) सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध आहे आणि त्यात उत्तर स्पष्ट आहे: वाय-फायला जोडला गेल्यावर फोन गुगलच्या एका ठरावीक पत्त्यावर अगदी छोटी विनंती पाठवतो आणि तिथून २०४ हा सांकेतिक आकडा, म्हणजे "विनंती पोहोचली, पाठवण्याजोगा मजकूर नाही" असे उत्तर येण्याची वाट पाहतो. उत्तर आले तर फोन समाधानी होतो. उत्तर आलेच नाही तर "इंटरनेट नाही" असे दाखवतो. आणि २०४ ऐवजी एखादे लॉगिनचे पान पुढे आले तर साइन-इन करायला सांगतो. आयफोनही ॲपलच्या एका पानाकडे अशीच चाचणी करतो. म्हणजे त्या ओळीचा अर्थ "चिप जळाली" असा नसून "राउटरपर्यंत पोहोचलो, पण पलीकडून उत्तर आले नाही" एवढाच आहे. ते उत्तर का आले नाही, हे शोधणे हेच खरे काम आहे.

मावशीच्या फोनमध्ये ते का येत नव्हते, याचे उत्तर डीएनएसच्या उपायात सापडले. म्हणूनच या मुद्द्याचा मला अधिक राग आहे. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी सेवा. ८.८.८.८ ही गुगलची तशी सेवा असून ती डिसेंबर २००९ पासून चालू आहे. कंपनीची स्वतःची डीएनएस सेवा बंद पडली असेल तर ८.८.८.८ घातल्यावर नेट खरोखर चालू होते, एवढे मान्य. मात्र पत्ता लवकर सापडला म्हणून लाइनचा वेग दुप्पट होत नाही. पत्ता मिळाल्यानंतर माहिती तुमच्या लाइनच्या वेगानेच येते. खरा धोका पुढे आहे. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये एखाद्या वाय-फायसाठी डीएनएस बदलायचे असेल तर आधी आयपी सेटिंग "डीएचसीपी"वरून "स्टॅटिक" करावे लागते. डीएचसीपी असताना राउटर फोनला त्या घरापुरता पत्ता स्वतः देतो; स्टॅटिक केले की फोन राउटरला न विचारता आपण भरलेला पत्ता आणि भरलेला गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, कायमचा धरून बसतो. संदेश याबद्दल एक अक्षरही सांगत नाही.

मावशीने असाच एक जुना संदेश वाचून वर्षभरापूर्वी हे केले होते आणि ती ते विसरूनही गेली होती. तेव्हा घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता. मध्यंतरी कंपनीने राउटर बदलून दिला. नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ होता, पण वाय-फायचे नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले गेले. नाव आणि पासवर्ड जुळल्यामुळे फोन नव्या राउटरला बिनतक्रार जोडला जात होता, आणि नंतर अस्तित्वातच नसलेल्या १९२.१६८.१.१ कडे नेट मागत होता. बाकी सर्व उपकरणे डीएचसीपीवर असल्याने त्यांना नवा पत्ता आपसूक मिळाला. वाय-फायच्या नावावर दाबून धरून तपशील उघडला तेव्हा तो जुना गेटवे माझ्या डोळ्यांसमोर होता. ते नेटवर्क "विसरा" म्हणून सांगितले, पासवर्ड पुन्हा घातला आणि फोन चालू झाला. सगळे मिळून एक मिनिटही लागले नसेल. ८.८.८.८ करण्याचा जो उपाय या संदेशाने तिला दुसऱ्यांदा सांगितला, त्याच उपायाने तिचा फोन मुळात बंद पाडला होता.

म्हणून फक्त एकाच फोनवर नेट येत नसेल तर सर्वांत आधी ते नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडावे, आणि नंतर तपशिलात पत्ता पाहावा. घरगुती पत्ते सहसा १९२.१६८ ने, काही ठिकाणी १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी एकाने सुरू होतात. हे गट खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. आयफोनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही आणि फोनने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे. अशा वेळी राउटर रीस्टार्ट करणे योग्य ठरते. डीएनएस बदलायचेच असेल तर आयफोनमध्ये पत्त्याला हात न लावता ते बदलता येते. अँड्रॉइड ९ पासून "खाजगी डीएनएस" अशी वेगळी सोय आहे, पण त्या खान्यात आकडे चालत नाहीत, सर्व्हरचे नाव लागते, आणि ते चुकले तर मोबाइल डेटासुद्धा बंद पडतो.

पासवर्ड काढून टाकण्याचा सल्ला चुकीचा तर आहेच, शिवाय घातक आहे. पासवर्डचे काम फोन राउटरला जोडला जातानाच होते. पासवर्ड चुकला तर फोन जोडलाच जात नाही. ज्या अर्थी फोन "जोडलेले" असे दाखवतो, त्या अर्थी पासवर्ड बरोबर आहे आणि नेट अडण्याशी त्याचा काही संबंध नाही. पासवर्ड काढला की जवळपासचा कोणीही तुमच्या जाळ्यात शिरू शकतो आणि तुमच्या जोडणीवरून त्याने केलेल्या उद्योगांची चौकशी तुमच्या दारापर्यंत येऊ शकते.

तारीख आणि वेळ तपासा, हा मुद्दा बरोबर आहे. तारीख चुकली असेल तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे फोनला मुदत संपलेली किंवा अजून सुरूच न झालेली वाटतात आणि तो ती नाकारतो. बॅटरी बराच काळ पूर्ण उतरलेल्या फोनमध्ये असे घडू शकते. नेट वाढवणाऱ्या अ‍ॅपबद्दल एवढेच की राउटरकडून न येणारे नेट कोणतेही अ‍ॅप निर्माण करू शकत नाही, आणि ते टाकताना मागितल्या जाणाऱ्या परवानग्या मात्र खऱ्या असतात.

राहिला फॅक्टरी रीसेट. त्याने फोनमधले फोटो, संदेश, नोंदी, सगळे पुसले जाते. ज्याची प्रत दुसरीकडे नाही ते परत येत नाही. इतकेच नव्हे, तर रीसेटनंतर फोन पुन्हा सुरू करताना आपले खाते पडताळण्यासाठी बहुतेक फोन इंटरनेटच मागतात. ज्या घरात नेट नाही तिथे बसून फोन कोरा करायला सांगणे म्हणजे माणसाला सगळीकडून तोडून टाकणे आहे. अगदीच निकड असेल तर सेटिंगमध्ये "नेटवर्क सेटिंग रीसेट" हा वेगळा पर्याय असतो. त्यात साठवलेली वाय-फायची नावे आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, फोटोंना धक्का लागत नाही. मावशी या शेवटच्या उपायापर्यंत पोहोचली नाही, कारण नातीचे सगळे फोटो त्याच फोनमध्ये होते आणि तिला भीती वाटली. ती भीती बरोबर होती.

आणि "कंपनीला फोन करू नका" हे मथळ्यातले वाक्यही चूक आहे. घरातले एकही उपकरण चालत नसेल, राउटर एकदा बंद-चालू करूनही फरक पडत नसेल, तर कंपनीलाच फोन करावा. फायबरच्या उपकरणावर "एलओएस" असे लिहिलेला दिवा लाल दिसत असेल तर बाहेरून येणारा प्रकाश उपकरणापर्यंत पोहोचत नाही आणि तुमच्या फोनमध्ये काहीही केले तरी तो पोहोचणार नाही. तो दिवा लाल नसेल तर प्लॅनची मुदत संपली आहे का ते पाहावे. फोन करताना राउटरसमोर उभे राहावे, कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे ते वाचून सांगावे, आणि टाचणी डब्यातच राहू द्यावी.