कोथिंबिरीच्या पाण्याने किडनी धुतली जात नाही

परवा मावशीने घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला. तुमच्याकडेही कधी ना कधी आला असेल. मजकूर थोडक्यात असा: किडनी वर्षानुवर्षं रक्तातलं मीठ आणि विष गाळते, ते तिच्यात साठत जातं. कोथिंबिरीची एक जुडी धुऊन चिरा, दहा मिनिटं उकळा, गाळून बाटलीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा आणि रोज ग्लासभर प्या. साठलेली घाण लघवीवाटे पडताना तुम्हालाच दिसेल. नैसर्गिक आहे, अपाय शून्य.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रोज सकाळी लघवीच्या डब्यांची रांग माझ्यासमोर लागते, त्यामुळे गप्प बसवेना.

‘किडनीत मीठ आणि विष साठतं.’

सगळी गफलत इथेच आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाण्याच्या फिल्टरची कँडल असावी: गाळ चिकटतो, रविवारी काढून घासायची. किडनीची रीत उलटी. कपाट आवरताना आपण आधी सगळे कपडे पलंगावर ओततो आणि हवे तेवढेच परत लावतो ना, तशी ती काम करते. एकेका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या, असतात, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता. हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं त्यातला पाचवा हिस्सा तरी दोन्ही किडन्यांकडे वळतो. त्या गुंत्यातून रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी मागे राहतात. बाकी पाणी, मीठ, साखर, युरिया सगळं सरसकट नळीत उतरतं. दिवसाला सुमारे १८० लिटर! अंगातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून रक्तातला उरलेला द्रव, असतो जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच द्रव दिवसातून साठेक वेळा गाळला जातो.

मग नळीच्या भिंती परत घ्यायला लागतात. साखर जवळपास सगळी, पाणी ९९ टक्के. मीठ तर या १८० लिटरमध्ये किलोभराहून जास्त असतं, पण लघवीतून जातं ते आपण जेवणातून खाल्लं साधारण तेवढंच, काही ग्रॅम. उरलेलं पाणी आणि युरिया, क्रिएटिनिन हा शरीराचा टाकाऊ माल मूत्रवाहिनीतून मूत्राशयात जातं आणि तिथून बाहेर. हे रात्रंदिवस चालू असतं. वर्षानुवर्षं साठायला त्यात थांबतंय कोण?

किडनी बिघडली की युरिया आणि क्रिएटिनिन वाढतं ते रक्तात. म्हणून तर आम्ही सुई हाताच्या शिरेत घालतो.

‘मग मुतखडा?’ असं चुलतभावाने लगेच विचारलं. प्रश्न रास्त आहे. खडा म्हणजे लघवी दाट झाली की तिच्यातले क्षार, बहुतेकदा कॅल्शियम ऑक्सलेट, स्फटिक होऊन बसतात ते. पुन्हा खडा होऊ नये म्हणून डॉक्टर पाणी भरपूर प्यायला सांगतात. साधं पाणी.

आणि हो, चाळिशीनंतर गाळण्याचा वेग हळूहळू उतरतो; वर्षांबरोबर किडनीत फरक पडतो, एवढा एक धागा मेसेजमध्ये खरा आहे. पण तो कचरा अडकल्याने उतरत नाही. काही नेफ्रॉन वण धरून कायमचे बंद पडतात, आणि जन्मानंतर नवा नेफ्रॉन तयार होत नाही.

‘फरक लघवीत दिसेल.’

दिसणारच की. लघवीचा पिवळेपणा येतो जुन्या तांबड्या पेशी मोडून झालेल्या रंगद्रव्यामुळे. पाणी कमी प्यायलं तर गडद, एक ग्लास जास्त प्यायलं तर फिकट. त्या ग्लासात कोथिंबीर असो वा नसो. बीट खाल्लं की काहींना लाल होते, बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की हळदीसारखी. त्या रंगांकडे बघून घाबरलेली माणसं महिन्यातून एकदा तरी आमच्या काउंटरवर येतात. उलट जिची खरी काळजी करावी अशी लघवी पुष्कळदा अगदी स्वच्छ दिसते. स्ट्रिप बुडवल्यावर प्रथिनाचा पिवळा चौकोन हिरवा होतो तेव्हा कळतं. घरी दिसलाच तर कमोडमध्ये फेस दिसतो, बराच वेळ न विरणारा.

‘नैसर्गिक आहे, अपाय शून्य.’

इथे मात्र मी मावशीला फोन लावला. तिला मधुमेह आहे आणि क्रिएटिनिन दोनच्या वर, म्हणजे किडनी आधीच थकलेली. रक्तातलं पोटॅशियमही वाढलेलं, म्हणून आहाराचा कागद तिच्याच फ्रिजवर चिकटवलाय. त्यात लिहिलंय: पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. कारण भाजीतलं पोटॅशियम उकळताना पाण्यात उतरतं. शंभर ग्रॅम कोथिंबिरीत ते ५०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. धडधाकट किडनी ते सहज बाहेर टाकते. थकलेल्या किडनीला ते जमत नाही, आणि रक्तात पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. म्हणजे डॉक्टर जे पाणी मोरीत ओतायला सांगतात, नेमकं तेच हा मेसेज बाटलीत भरून ठेवायला सांगतो. आणि तो मनावर घेणार कोण? ज्याची किडनी आधीच दुखावली आहे तोच.

‘नैसर्गिक’ या शब्दाला किडनी भीक घालत नाही. कमरख, कोकण-गोव्याकडचं करमल, पूर्ण नैसर्गिक फळ. किडनीच्या रुग्णांनी ते खाऊन न थांबणारी उचकी, झटके आणि मृत्यूपर्यंत गोष्ट गेलेली आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन उतरवायला चिनी वनौषधींच्या गोळ्या घेतलेल्या कित्येक बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. त्यांत अॅरिस्टोलोकिया ही वनस्पती होती.

किडनी मुळात खराब होते ती बहुतेक वेळा मधुमेहाने आणि रक्तदाबाने. वर्षानुवर्षं परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालतात. दुखत काहीच नाही. काम निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिनसुद्धा नॉर्मलच्या आत राहू शकतं, म्हणून शुगर-बीपी असणाऱ्यांनी वर्षातून एकदा त्यासोबत लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही बघून घ्यावं.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. पातेलं गॅसवरच होतं. तिने ते मोरीत ओतल्याचा आवाज मला फोनवर आला. मग म्हणाली, ‘‘अगं, पण पोह्यांवर चिमूटभर घालायची का नाही?’’

घाल म्हटलं.