सगळ्यांचा पीसी आणि मी एकटी वेडी

तीन रविवार. सलग तीन रविवार मी वागळे इस्टेटच्या त्या गाळ्यात बसून, जिथे पंखासुद्धा उपकार केल्यासारखा फिरतो, आमच्या मेकरस्पेसचा, म्हणजे सगळ्यांनी मिळून मशीनं वापरायच्या वर्कशॉपचा, डिझाईनचा पीसी लावला. सेकंडहँड डबा, त्यात रॅम वाढवून १६ जीबी केली, एसएसडी घातली, चित्रांसाठी इंकस्केप, थ्रीडीसाठी फ्रीकॅड, सर्किटसाठी कायकॅड, सगळं टाकलं, आणि दोन अकाउंट केली, एक अ‍ॅडमिन एक मेंबर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने वाट्टेल ते इन्स्टॉल करू नये. घंटा! बुधवारी गेले तर मॉनिटरच्या खाली पिवळ्या चिठ्ठीवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड. विचारलं तर म्हणे, अगं सगळ्यांना सोपं पडावं म्हणून लावला.

मग काय, रान मोकळं. एक दादा पेनड्राईव्हवरून चारशे फॉन्ट टाकून गेला. का, तर आजोबांच्या नावाची पाटी लेझर कटरवर कापायची होती आणि फाईल डीटीपीवाल्याने कुठल्यातरी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली, तो फॉन्ट नसला की आजोबांच्या जागी इंग्रजी कचरा दिसतो. अरे मग त्यालाच सांग ना कर्व्ह करून दे म्हणून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात आणि फॉन्ट लागतच नाही, दोन सेकंदांचं काम आहे! आता इंकस्केप उघडायला टाकायचं आणि खाली टपरीवर कटिंग मारून यायचं. अजून कुठल्या महाभागाने कोरलड्रॉ फुकटात चालवायच्या क्रॅकसाठी अँटीव्हायरस बंद करून ठेवलाय, तो तसाच.

पण डोकं फिरलं ते काल. इंकस्केप मुळात रुंदी दाखवताना रेषेची जाडीही धरतं. लेझर मात्र जातो रेषेच्या मधून. म्हणून मी प्रेफरन्समध्ये जाऊन ते जिओमेट्रिक, म्हणजे जाडी सोडून नुसता पाथ मोजणारं, करून ठेवलेलं. कोणाला तरी "काहीतरी बिघडलंय" असं वाटलं आणि त्याने सगळं रिसेट मारलं, सांगायचं वगैरे काही नाही. मी आपली ३ मिमी एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी फळीच्या) तुकड्यांसाठी खाचांची रुंदी ३ टाकली, रेष १ मिमी जाड, म्हणजे खरा पाथ २ चा. आठ तुकडे कापले, एकात एक बसेल तर शपथ. अख्खी शीट गेली, आणि तासभर मी त्या बिचाऱ्या लेझरला शिव्या घालत बसले. हो, आधी एकच तुकडा कापून बघायला हवा होता, माहितीये मला, पण स्वतः लावलेल्या मशीनवर पण संशय घ्यायचा का आता?

रात्री ग्रुपवर हे एवढं सगळं टाईप केलं, स्क्रीनशॉटसकट. दोन अंगठे आले. आणि खाली कमिटीतल्या काकांचा मेसेज: "बाळा, पीसी जरा स्लो झालाय, रविवारी येऊन बघशील का?"