टफन्ड काच कापून आणायच्या आधी हे वाचा

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ‘थ्रीडी प्रिंटरच्या गरम बेडवर, म्हणजे ज्यावर वस्तू थराथराने छापली जाते त्या तापत्या पाटावर, काचवाल्याकडची साधी काच चालते असं सांगून तुम्ही नवख्यांना गोत्यात आणता. माझी चिपळुणात भर प्रिंटमध्ये तडकली. टफन्ड काच आणून मापात कापून घ्यावी, दुसरा मार्ग नाही,’ असं तुमचं म्हणणं. गणपती तोंडावर, मखराची नक्षी अर्धी छापलेली आणि काच गेली, म्हणजे संताप होणारच. पण तुमचा उपाय मला मान्य नाही, आणि कुणी तो करून बघायच्या आत हे लिहिणं भाग आहे.

टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, काच कापता येत नाही. कापणं, भोक पाडणं, कडा घासणं हे सगळं भट्टीत जायच्या आधी. ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार केल्यावर तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. चीर त्या गाभ्यापर्यंत पोचली की अख्ख्या काचेचा चुरा होतो. आधी मापाने कापून मग टफन करून घेतलीत, तरी भट्टीतल्या रोलरांमुळे तिला बारीक लहर येऊ शकते, आणि पहिल्या थराला आपल्याला सपाटपणाच हवा असतो.

आता तुमची काच का गेली असेल? साधी काच शेगडीवर ठेवल्यासारखी तापत नाही. बेडवर ती हळूहळू तापते, आणि नुसत्या तापण्याने फुटत नाही. फुटते ती असमान तापल्याने. हीटर बेडच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाही, वर खिडकीतून पावसाळी वारा. मधला भाग प्रसरण पावू बघतो, गार कड त्याला धरून ठेवते आणि ताण कडेवर येतो. २३५ मिलिमीटरची साधी काच ६० अंशांनी तापली की जेमतेम ०.१३ मिलिमीटर वाढते, बोरोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भांड्यांची काच, ०.०५. आकडे किरकोळ दिसतात, पण हिऱ्याने कापलेल्या कच्च्या कडेला बारीक बारीक चिरा असतात आणि त्यांना तेवढं पुरतं. शिवाय ताणाखालच्या चिरेत बाष्प शिरलं की ती हळूहळू पुढे सरकते. आपल्या आषाढात बाष्पाला काय तोटा! म्हणूनच ‘चार मिलिमीटरची घ्या आणि चारही कडा घासून घ्या’ असं लिहिलं होतं. तुकडे अजून टाकले नसतील तर बघा. तडा कडेपासून काटकोनात निघाला असेल, तर तो बहुधा असमान तापण्याचाच.

पीएलए या प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लास्टिकला, म्हणजे बेड ६० अंशांच्या आसपास असताना, अशी घासलेली साधी काच किंवा आरसा पुरतो, यावर मी ठाम आहे. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकसाठी बेड १०० अंशांवर न्यायचा असेल तर मात्र बोरोसिलिकेटच घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

पीईटीजी या तिसऱ्या प्लास्टिकची गोष्ट वेगळी. ते काचेला इतकं घट्ट धरतं की गार होऊन आकसताना काचेचाच टवका उपटून नेतं. शिंपल्यासारखा, आत गोलसर वळ्या असलेला खळगा पडतो. बोरोसिलिकेटही यातून सुटत नाही, आणि टफन्डला असा खोल टवका गेला तर सगळीच काच जाऊ शकते. ग्लू स्टिकचा पातळ थर आधी फिरवा. इथे तो चिकटवायला नसतो, प्रिंट सुटावी म्हणून असतो. बेड पूर्ण गार होईपर्यंत कालथा लावू नका. गरम काच ओल्या लादीवर ठेवू नका, हे तर सांगायलाच नको.

एक काम पावसाळ्याआधी करा. जादा काचा एकमेकींवर आडव्या रचून ठेवू नका. मधल्या फटीत ओल राहिली की साध्या काचेतला क्षार बाहेर येतो आणि पांढुरका थर बसतो, जो नंतर घासूनही जात नाही. मध्ये कागद घालून उभ्या ठेवा.

बोरोसिलिकेट म्हणून मागवलेली काच खरी आहे का, हे घरी बघता येतं. उभट काचेच्या भांड्यात सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं तेल घ्या आणि काचेचा कोपरा त्यात बुडवा. बोरोसिलिकेटची कड तेलात जवळजवळ नाहीशी होते, साध्या काचेची स्पष्ट दिसत राहते. खोबरेल वापरू नका, त्यात हा फरक इतका नीट कळत नाही. कड तेलात तशीच दिसली, तर काच लगेच परत पाठवा.