दादाचं चलान, माझं तिकीट

गेल्या मार्चमध्ये मला वेगाचं तिकीट मिळालं. बुधवारची संध्याकाळ, मुलीचा तबल्याचा क्लास सुटायला पाच मिनिटं उरलेली, आणि रस्ता न्यू जर्सीतल्या आमच्याच गावातला, डोळे मिटून चालवता येईल इतका ओळखीचा. मर्यादा ताशी २५ मैल, मी ४२ वर होते. किलोमीटरमध्ये सांगायचं तर चाळीसच्या जागी अडुसष्ट. आरशात लाल-निळे दिवे दिसले तशी गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. इथे नवीन आलेल्या प्रत्येकाला हे कोणीतरी सांगून ठेवतंच: हात दिसतील असे ठेव, पर्समध्ये काही शोधायला लागू नकोस. पोलीस पलीकडच्या खिडकीशी आला. लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि विम्याचं कार्ड घेऊन गेला, दहा मिनिटांनी एक लांबट कागद हातात दिला आणि जपून चालवा म्हणून निघून गेला.

शनिवारी मंडळात पाडव्याच्या कार्यक्रमाची तालीम होती. तिथे हा विषय निघाला आणि सगळ्यांनी निकाल लावूनच टाकला. ‘भरू नकोस. नॉट गिल्टी म्हण, तारीख घे, अनसेफ ड्रायव्हिंगवर सुटशील.’ बाराजणांपैकी सातजण त्याच वाटेनं गेलेले. एकानं तर वकिलाचा नंबरही तिथल्या तिथे पाठवला.

इथे दंडापेक्षा जास्त धास्ती असते ती पॉइंटांची. मर्यादेच्या वर १४ मैलांपर्यंत गेलात तर लायसन्सवर २ पॉइंट, १५ ते २९ मैल गेलात तर ४, त्याहून जास्त तर ५. तीन वर्षांत ६ झाले की सरकार वेगळा अधिभार लावतं, १२ झाले की लायसन्स निलंबित. विम्याचा हप्ता चढतो तो निराळाच. माझे चार होणार होते. पण न्यू जर्सीच्या कायद्यात अनसेफ ड्रायव्हिंग, म्हणजे असुरक्षितपणे गाडी चालवणं, असा एक हलका गुन्हा आहे. सरकारी वकील राजी असेल तर वेगाच्या आरोपाऐवजी हा लावून घेता येतो. पाच वर्षांत पहिल्या दोन वेळा त्याला एकही पॉइंट नाही. मात्र दंडाच्या वर २५० डॉलरचा अधिभार. म्हणजे खरं केलं ते कबूल केलं तर मला दीडशे डॉलरच्या आत भागणार होतं, आणि हलकं कबूल केलं तर तीनशे-चारशे. वरचे पैसे कशाचे, हे कोणाला विचारावं लागत नाही. ते पॉइंट पुसण्याचे.

त्याच रात्री साताऱ्याला दादाला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ.

दादाची पिठाची गिरणी आहे. जानेवारीत त्याच्या स्कूटरच्या नावानं चलान आलं होतं: वेगमर्यादा ओलांडली, दोन हजार रुपये. जागा दोनशे किलोमीटरवरच्या एका महामार्गावरची, जिथे दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. तारीख आठ महिन्यांपूर्वीची. फोटो त्यानं मला पाठवला होता, मी तो मोठा करून बघितला होता. पांढरी मोटार, बंपरची डावी बाजू चेपलेली, नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावर चिखल. इंग्रजी आठाची डावी बाजू झाकली गेली होती आणि यंत्रानं तो तीन वाचला होता. दादाचा नंबर तीननं संपतो. कोणीही एकदा, फक्त एकदाच, त्या फोटोकडे बघितलं असतं तरी पुरे होतं.

दादानं ॲपवर तक्रार केली, आरसी आणि स्कूटरचा फोटो जोडला. तीन आठवड्यांनी ‘तक्रार नामंजूर’ एवढंच उत्तर. कारण नाही. फोन केला तर ‘ज्या हद्दीत चलान झालंय तिथे या’. म्हणजे एक दिवस गिरणी बंद, एसटीचं जाण्या-येण्याचं भाडं, आणि तिथले साहेब त्या दिवशी भेटतीलच असंही नाही. त्यात त्याला स्कूटर विकायची होती, गिऱ्हाईक ठरलेलं होतं, आणि थकलेलं चलान अशा वेळी आडवं येतं. ‘अगं, दोन हजारांपायी किती दिवस घालवू? भरले आणि मोकळा झालो,’ दादा म्हणाला.

फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. ज्यानं काही केलं नव्हतं त्यानं पुरता दंड भरला होता. जिनं केलं होतं तिला चारशे डॉलरमध्ये कोरं लायसन्स मिळणार होतं.

आपल्याकडे ई-चलानाचा वाद पेटला की आम्हा परदेशातल्यांना कोणीतरी साक्षीला उभं करतंच. ‘तिकडे बघा, लोक कसे शिस्तीत चालवतात.’ मी अठरा वर्षं इथे गाडी चालवतेय, आणि ही साक्ष मला देता येत नाही. ६५ मैलांची पाटी असलेल्या गार्डन स्टेट पार्कवेवर उजव्या लेनमधली गाडीसुद्धा सत्तरच्या पुढे असते. अमेरिकेत २०२३ मध्ये रस्त्यांवर ४० हजारांहून जास्त माणसं मेली. भारतात २०२२ मध्ये १,६८,४९१. आपली लोकसंख्या चौपटीहून थोडी जास्त आहे हे धरलं तर दरमाणशी हिशेब जवळपास सारखाच पडतो. (इथे गाड्या जास्त, रोजचं अंतर जास्त, हे खरं. पण ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला त्याचं काय?) इथली माणसं वेगळ्या मातीची नाहीत.

दुसरीकडून आवाज येतो: ई-चलान म्हणजे लूट. हे तर मला अजिबात पटत नाही. केंद्रानं २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलून दंड वाढवले, महाराष्ट्रानं ते डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले, जुलै २०२४ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कमानींवरचे कॅमेरे वेग टिपायला लागले, आणि पुढच्याच जुलैमध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलानाविरुद्ध संप पुकारला. त्यांच्या काही तक्रारी मला रास्त वाटतात. पण कॅमेरा नकोच, ही मागणी रास्त नाही. भारतातल्या रस्ते अपघातांच्या मृत्यूंत वेगाचा हिस्सा सरकारी आकडेवारीत सगळ्यात मोठा आहे, वर्षानुवर्षं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री मोटारीच्या अपघातात गेले, तेव्हा कितीतरी दिवस आपण मागच्या सीटच्या पट्ट्यांवर बोललो. पट्टा लावायलाच हवा. पण ती गाडी किती वेगात होती यावर आपण त्याच्या निम्मंही बोललो नाही.

न्यू जर्सीत वेग मोजून तिकीट पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांना कायद्यानंच बंदी आहे. सिग्नल तोडणाऱ्यांना टिपणारे कॅमेरे काही वर्षं होते, तेही डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाले. नदीपलीकडच्या न्यूयॉर्क शहरात मात्र शाळांजवळचे वेगाचे कॅमेरे २०२२ पासून रात्रंदिवस चालू असतात. तिथला दंड ५० डॉलर, तो गाडीच्या मालकाला येतो, आणि पॉइंट एकही नाही, कारण चालवत कोण होतं हे कॅमेऱ्याला सांगता येत नाही. यंत्राला जेवढं ठाऊक आहे तेवढ्याचीच शिक्षा. मला हा हिशेब प्रामाणिक वाटतो.

आपल्याकडे कायदा यात कमी पडतो असंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. कॅमेऱ्यानं पकडलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांच्या आत पाठवायची, जिथे कॅमेरा आहे तिथे आधी पाटी लावायची, यंत्राला मंजुरीचा दाखला हवा आणि तो दरवर्षी नव्यानं घ्यायचा. दादाला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आठ महिन्यांनी आलेलं चलान हातात धरून आम्ही दोघंही फोटोतल्या मोटारीवरच वाद घालत बसलो.

माझं तिकीट मी लढवायला घेतलं ते तालमीतल्या सल्ल्यामुळे नाही, दादाच्या चलानामुळे घेतलं. दोषी नाही असं कळवलं आणि सरकारी वकिलाला पत्र लिहून माझ्याविरुद्धचे सगळे कागद मागितले. हा इथे प्रत्येक आरोपीचा हक्क आहे, त्याला वकील लागत नाही. पाच आठवड्यांनी पाकीट आलं. रडारच्या तपासणीचे दाखले, त्या पोलिसाच्या प्रशिक्षणाचं कार्ड, आणि ट्यूनिंग फोर्कचे दाखले. शाळेत ध्वनीच्या धड्यात असतो तोच हा फोर्क. तो ठोकून रडारसमोर धरला की ठरलेला आकडा दिसला पाहिजे, नाही दिसला तर यंत्र बाद. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९५५ मध्ये डँटोनिओ खटल्यात रडारचा पुरावा ग्राह्य धरला, पण यंत्र तपासलेलं होतं आणि नीट चालवलं गेलं हे दाखवायचं ओझं सरकारवर राहिलं. सत्तर वर्षं झाली, आजही पाकिटातून तेच कागद येतात.

ते मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले आणि तारखा जुळवल्या. सगळ्या जुळल्या. मग एका सकाळी त्या रस्त्यानं पायी गेले. वाटलं, पाटी झाडाआड गेली असेल. पाटी लख्ख दिसत होती, मेपलच्या झाडापासून चांगली दहा पावलं अलीकडे. पुढे झेब्रा क्रॉसिंग, आणि तिथे एक आजोबा नातवाची पायानं ढकलायची छोटी स्कूटर हातात धरून थांबलेले. ४२ भागिले २५, त्याचा वर्ग. दहावीतलं गणित आहे. टक्कर झाली तर तिचा जोर २५ च्या वेगापेक्षा २.८ पट. क्लासला पाच मिनिटं उशीर झाला असता तर मुलगी बाकावर बसून राहिली असती, एवढंच.

कोर्ट झूमवर होतं. सरकारी वकिलांच्या पुढे त्या संध्याकाळी चाळीसेक प्रकरणं असावीत. माझा नंबर आल्यावर त्यांनी कागद बघून दोन वाक्यांत विचारलं, अनसेफ ड्रायव्हिंग चालेल का? मी नको म्हटलं. त्यांना वाटलं मला खटला चालवायचाय. मूळ आरोपच कबूल करायचाय म्हटल्यावर ते क्षणभर थांबले आणि त्याला चार पॉइंट आहेत हे तुम्हाला माहीत आहे ना, असं अगदी आस्थेनं त्यांनी विचारलं. न्यायाधीशांनी किती वेगात होतात ते विचारलं. मी आकडा सांगितला.

मंडळात हे अजूनही कोणाला समजत नाही. ‘कायद्यानंच दिलेली सोय आहे, चोरी थोडीच आहे?’ चोरी नाही. तडजोड झाली की कोर्टाचा वेळ वाचतो, पोलिसाला साक्षीला यावं लागत नाही, हेही मला कळतं. आमच्याच रांगेत एक ट्रकचालक होता. चार पॉइंटांनी त्याची नोकरी गेली असती, आणि त्यानं तडजोड घेतली तर मी त्याला बोल लावणार नाही. पण पगारातून चारशे डॉलर सहज काढू शकणाऱ्या आम्ही सगळ्यांनी तेच करायचं, आणि मग ‘इंडियात सगळं मॅनेज होतं हो’ असं म्हणत तोंड वाकडं करायचं, हे मला जमत नाही. लोकअदालतीत अर्ध्या दंडावर चलान मिटवणारा पुणेकर आणि पॉइंट पुसून घेणारा आमच्या न्यू जर्सीतला एडिसनकर यांच्यात मला फरक दिसत नाही. उलट पुणेकराचं चलान चुकीचंही असू शकतं आणि त्याला ते सिद्ध करायला जागा मिळालेली नसते, म्हणून तो मुकाट्यानं सवलत घेतो.

आपल्याकडच्या वादात सवलत किती, यावरच सगळा जोर असतो. पन्नास टक्के की पंचाहत्तर? पुढची लोकअदालत कधी? मला वाटतं मागायला हवी ती सवलत नव्हे, उत्तर मागायला हवं. तक्रार नामंजूर केली तर का केली, हे लिहून द्या. यंत्राचा दाखला चलानाला जोडा. पंधरा दिवस उलटले असतील तर चलान पाठवू नका. आणि साताऱ्याच्या माणसाला साताऱ्यातच, किंवा माझ्यासारखं घरच्या टेबलावर बसून, आपलं म्हणणं मांडू द्या. हे झालं की मग ज्यानं वेगमर्यादा मोडलीय त्याच्याकडून पै न् पै वसूल करा, एक रुपयाही सोडू नका. निर्दोष माणसाला दाद मिळत असेल तर दोषी माणसाला सूट द्यायचं कारणच उरत नाही.

माझ्या लायसन्सवर आता चार पॉइंट आहेत. वर्षभर नीट चालवली तर तीन उतरतील.

दादाचा अर्ज मी लिहायला घेतलाय. पैसे भरून झालेत, स्कूटरही विकून झाली, त्यामुळे तो म्हणतो कशाला उकरून काढतेस. मी म्हटलं, पैसे परत येवोत न येवोत, तुझी चूक नव्हती हे सरकारी कागदावर येऊ दे. नियम १६७-अ पहिल्याच परिच्छेदात घातलाय. खाली दोन फोटो जोडलेत: एकात पांढरी मोटार, दुसऱ्यात गिरणीच्या पायरीशी उभी असलेली राखाडी स्कूटर, सीटवर पिठाचा हात उमटलेला. सही मात्र त्यालाच करावी लागेल. काल रात्री मसुदा पाठवला, आणि आज सकाळी त्याचा निरोप आलाय: ‘दुसऱ्या ओळीत तारीख चुकली आहे. दुरुस्त कर, मग करतो सही.’