लुक्लाचा तो फॉरवर्ड: जरा थांबा की ओ

सोलापुरातल्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज लई फिरतोय. नेपाळमधल्या लुक्लाचा रनवे पैसे नव्हते म्हणून तसाच उताराचा ठेवला, तिथं रोज विमानं पडतात, फ्लाइट कॅन्सल करणं हा कंपन्यांचा धंदा आहे आणि विमान थेट एव्हरेस्टवरून जातं. लुक्लाहून एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेली आपली मंडळी उगाच घाबरलीत, म्हणून लिहितोय.

उताराचं आधी. रनवे फक्त 527 मीटर, आपल्या होटगी रोडच्या रनवेचा चौथा हिस्सा म्हणा, आणि चढ 11.7 टक्के, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत 60 मीटरच्या वर. हा चढ आहे म्हणून तर तिथं विमान उतरतं! चढाला तोंड करून उतरायचं, वेग आपोआप मरतो, आणि निघताना त्याच उतारावरनं दरीकडं पळत सुटायचं. 2,845 मीटरवर हवा विरळ, उचलायला स्पीड जास्त लागतो, तो या उतारावर मिळतो. सपाट केला असता तर एवढ्याशा जागेत कुणाला जमलं असतं सांगा.

रोज पडतात म्हणे. रोज म्हणजे काय बे, सीझनमध्ये एकाच सकाळी कितीतरी फेऱ्या होतात तिथं. पण धोका नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये धुक्यात 18 जण गेले, 2019 ला टेकऑफ घेणारं विमान बाजूला उभ्या हेलिकॉप्टरांवर गेलं. वरच्या टोकाला डोंगर आहे, त्यामुळं शेवटच्या टप्प्यात नको वाटलं तरी परत वर उचलून फेरी मारता येत नाही. सगळा मामला डोळ्यांनी दिसण्यावर.

म्हणूनच कॅन्सलचा राग मला पटत नाही. दुपारी दरीतनं वर वारा सुटतो, तो उतरणाऱ्या विमानाला मागून ढकलतो, ढगही चढतात, म्हणून जे काय ते सकाळीच उरकतात. ढग असताना जे विमान उडत नाही ते तुमच्याच जिवासाठी उडत नाही ओ. खरी चूक आपल्या लोकांची, परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी काठमांडूहून घरचं तिकीट काढून बसतात. मध्ये दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. आणि गर्दीच्या सीझनमध्ये बऱ्याच फ्लाइट काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथली विमानतळावरनं सुटतात, तिथं पोचायला मध्यरात्रीच जीपमध्ये बसावं लागतं, ते एजंटला आधीच विचारून घ्या.

एव्हरेस्टवरून वगैरे काही जात नाही. एव्हरेस्ट 8,849 मीटर, ही छोटी विमानं त्याच्या निम्म्या उंचीच्या आसपास उडतात, आणि लुक्लातनं तर एव्हरेस्ट दिसतच नाही, पुढं चालत जाताना नामचे गावाच्या चढावर पहिल्यांदा दिसतो, तोही हवा साफ असली तर. काठमांडूहून सुटून, डोंगर दाखवून परत तिथंच उतरणारी माउंटन फ्लाइट वेगळी, मेसेजवाल्यानं दोन्हीची भेळ केलीय. तरी जाताना बर्फाची रांग डाव्या बाजूला मस्त दिसते. बहुतेक वेळा सीट नंबर नसतो, जो आधी चढेल त्याची खिडकी.